एका हंडीची पंगत

कांहीं पदार्थ एकट्यानें खावयाचे असतात आणि कांहीं मंडळी जमवून. भाजलेलें कणीस किंवा पोह्यांची बशी यांना सोबत नसली तरी अडत नाहीं. पंजाबी धर्तीच्या मटणाचें तसें नाहीं. तें पाव किलो शिजवूं म्हटलें तर शिजतें, पण लागत नाहीं; मोठ्या हंडींत, हाडांसकट, दोन-तीन किलोंच्या मापानें शिजलें तरच त्याला त्याची चव येते. साहजिकच तें खावयाला सहा-आठ माणसें लागतात. आणि सहा-आठ माणसें एका हंडीभोंवतीं बसावयाचीं म्हणजे तीं कोण, कोणाशेजारीं कोण, व कोणाच्या पानांत काय, हे प्रश्न आपल्यासारख्या घरांत आपोआप उपस्थित होतात. प्रस्तुत लेखांत थोडें मटणाविषयीं आणि थोडें त्या प्रश्नांविषयीं सांगावयाचें आहे. ज्यांना पहिल्याचा वासही नको त्यांनीं दुसऱ्यासाठीं तरी वाचावें.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, केशोरी हें गांव आहे. (१९९९ पर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांत होता, आणि जुनीं माणसें अजून ‘आमचा भंडारा’ असेंच म्हणतात.) भोंवतीं जंगल, धानाच्या बांध्या, जवळच गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, आणि गांवाच्या नांवानें ओळखली जाणारी मिरची. अशा ठिकाणीं पंजाबी जेवण काय मिळणार, असें शहरांतल्या वाचकांना वाटेल. परंतु आमचें नेहमींचें भोजनगृह येथेंच आहे. कौलारू छप्पर, पुढें पडवी, पडवींत बांकें आणि एकच लांब टेबल. मालक पंजाबी नाहीं. याच मुलखांतला आहे. पोरवयांत तो कोहमाऱ्याच्या नाक्यावर, मुंबई-कलकत्ता महामार्गावरील एका धाब्यावर भांडीं घासावयास राहिला. तेथल्या पंजाबी आचाऱ्यानें त्याला पहिल्या वर्षीं कांदा चिरावयास दिला, दुसऱ्या वर्षीं कांदा परतावयास, आणि तिसऱ्या वर्षीं हंडीला हात लावूं दिला. एवढ्या शिक्षणावर त्यानें गांवीं परतून आपली चूल मांडली.

आधीं नांवाचा उलगडा करूं. इंग्रजींत मटण म्हणजे मोठ्या मेंढीचें मांस, आणि कोंकराच्या कोंवळ्या मांसाला निराळा शब्द आहे. तो शब्द आपल्याकडे आलाच नाहीं, आणि मटण हा आला तो मेंढीला सोडून बोकडाला जाऊन चिकटला. तेव्हां आमच्या हंडींत असतो तो बोकड. पंजाबांत मेंढीचेंही मांस खातात. पण आमच्या मालकाच्या मतें मेंढीची चरबी जिभेवर थिजते आणि झाडीच्या लोकांना ती रुचत नाहीं.

आतां कृति. ही मीं पडवींत बसून कित्येक वेळां पाहिली आहे, आणि कितीही वेळां पाहिली तरी कंटाळा येत नाहीं. तेल चांगलें तापलें कीं त्यांत तमालपत्र, दालचिनी, लवंग आणि मोठी काळी वेलची पडते. मग कांदा, तोही मांसाच्या जवळजवळ निम्म्यानें, पातळ उभा चिरलेला. येथें घाई करणाऱ्याची हंडी पहिल्या घटकेलाच बिघडली असें समजावें. कांदा गुलाबी होतो, सोनेरी होतो, आणि करपण्याच्या एक पाऊल अलीकडे, पिकलेल्या मोहाच्या फळापेक्षां थोडा गडद झाला कीं आलें-लसूण पडतें. त्यानंतर मांस. आणि त्यानंतर तें काम, ज्याला पंजाबी माणूस ‘भूनना’ म्हणतो. आपला ‘परतणें’ हा शब्द त्याला अपुरा आहे. आपण परततों तें दहा मिनिटें. हा मनुष्य पाऊण तास उलथनें थांबवीत नाहीं. मसाला बुडाला लागूं लागला कीं चमचाभर पाणी शिंपडावयाचें, तें आटलें कीं पुन्हा चमचाभर. मग दहीं किंवा टोमॅटो. पुन्हा तेंच. शेवटीं मसाला तेल सोडतो आणि हंडीच्या कडेनें तांबडी झालर दिसूं लागते, तेव्हां कढत पाणी ओतून झांकण ठेवावयाचें व चुलींतलीं लांकडें ओढून घ्यावयाचीं.

पुढचें काम निखारा करतो. खांदा, मान, छातीचा भाग आणि नळीचीं हाडें हेच तुकडे या हंडीला लागतात, आणि ते चिवट असतात. त्यांतले कोलॅजनचे तंतु मंद आंचेवर दीड-दोन तासांत विरघळून त्यांचें जिलेटिन होतें. रश्शाला दाटपणा येतो तो त्यामुळें, आणि जेवतांना ओंठ एकमेकांना किंचित् चिकटतात तेही त्यामुळेंच. प्रेशर कुकरमध्यें मांस लवकर मऊ होतें हें खरें, पण कांदा आणि मांस यांची ओळख व्हावयाला जो वेळ लागतो तो शिट्या मोजून मिळत नाहीं.

नागपूरच्या बाजूचे वाचक आतां विचारतील, मग सावजींत काय उणें आहे? उणें कांहीं नाहीं. प्रकृति निराळी आहे. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेली ती काळ्या मसाल्याची तर्री जिभेला आव्हान देते. पहिला घांस घेतला कीं कपाळाला घाम. पंजाबी हंडींत ना खसखस, ना दगडफूल, ना सुकें खोबरें. तिचा सारा भर कांद्यावर आणि वेळावर. आमच्या मालकानें एवढाच प्रांतीय अभिमान राखला आहे कीं, मिरची मात्र केशोरीची. पंजाबी गुरूला तें आवडलें असतें कीं नाहीं, सांगवत नाहीं. तथापि मिरची आणि टोमॅटो हे दोघेही मूळचे अमेरिकेचे, आणि मिरची आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून. तेव्हां या हंडींत खरा गांवकरी कोण आणि उपरा कोण, हा वाद फार ताणण्यांत अर्थ नाहीं.

उपऱ्यांचीच गोष्ट काढली तर, ही पाककला महामार्गावर आली ती मुख्यतः १९४७ नंतर. फाळणींत घरदार सोडून निघालेल्या पंजाबी लोकांपैकीं कित्येकांनीं मोटारवाहतुकीचा व खानावळीचा धंदा धरला. पेशावरहून आलेल्या मंडळींनीं त्याच वर्षीं दिल्लींत दर्यागंजांत ‘मोती महल’ काढलें, आणि तेथून तंदूर हिंदुस्थानभर पसरला. (तेथल्या लोण्यांतल्या कोंबडीचा जनक कोण, हा वाद दोन घराण्यांनीं २०२४ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत नेला. पदार्थ यशस्वी झाल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?) मुंबईंत शीव-कोळीवाड्याला पंजाबी निर्वासितांची मोठी वस्ती झाली. पुढें ट्रक जेथें थांबला तेथें धाबा उभा राहिला, आणि असा एक धाबा कोहमाऱ्याला लागला म्हणून आमच्या केशोरीला हंडी मिळाली. आमच्याच तालुक्यांत गोठणगांवापाशीं १९७२ सालीं तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली आहे. देश सुटलेल्या माणसाच्या गांठीं शेवटीं जें उरतें त्यांत त्याचा स्वयंपाक असतो, हें या तालुक्यांत राहणाऱ्याला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं.

पंजाबच्या खेड्यांत पूर्वीं ‘सांझा चूल्हा’ असे, म्हणजे साऱ्या आळीचा मिळून एक तंदूर. घरोघरच्या बायका कणीक मळून तेथें नेत व एकाच भट्टींत रोट्या लावून घेत. आणि गुरुद्वारांतल्या लंगरांत जेवावयास बसतात त्या ओळीला शीख लोक ‘पंगत’च म्हणतात. शब्द आपलाच आहे. अर्थ मात्र पाहा. तिसरे गुरु अमरदास यांच्यापासून दंडक असा कीं, गुरूच्या भेटीला येणारानें आधीं पंगतींत बसावें; शेजारीं कोण बसला आहे याची विचारपूस नाहीं. लंगरांत मांस नसतें, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तेथला दंडक शाकाहाराचा नव्हे, शेजाराचा आहे. आमच्याकडे पंगत म्हटली कीं पाठोपाठ पंक्तिभेद आलाच. आणि मौज ही कीं, महाराष्ट्राचे नामदेव याच पंजाबांत घुमानला राहिले, त्यांचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहेबांत आहेत, व २०१५ सालीं आपलें साहित्यसंमेलनही घुमानला भरलें. म्हणजे येणेंजाणें जुनें आहे. आपण तिकडे पदें दिलीं आणि तिकडून उशिरानें हंडी आली, इतकेंच.

या पंक्तिभेदानें आमच्या समाजाला काय काय करावयास लावलें, याची आठवण फार जुनी नाहीं. पुण्यास १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंच हौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. हजर असलेल्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ज्या गोपाळराव जोश्यांनीं हा बेत जमविला, त्यांनींच मागाहून हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत येतील अशी व्यवस्था केली! मग ग्रामण्य, शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशी आणि प्रायश्चित्त. रानड्यांसारख्या माणसानें १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्यांच्या सुधारक मित्रांना तें फार लागलें. सारें एका पेल्यापायीं. आज त्या चहाची कोणाला लाजही वाटत नाहीं आणि अभिमानही वाटत नाहीं.

मटण अजून तेथवर आलेलें नाहीं, निदान आमच्या घरांत. आमचें कुटुंब अजून एकत्र आहे. तीन भावांचीं बिऱ्हाडें, एक चूल, आणि त्या चुलीवर आजवर मांस शिजलेलें नाहीं व पुढेंही शिजूं नये, हें सर्वांना मान्य आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. घराच्या चुलीला एक व्रत असणें मला आवडतें. परंतु व्रत चुलीचें होतें, आणि वागणूक माणसांची होती. घरांतले तरुण पुरुष रविवारीं रात्रीं ‘जरा फिरून येतों’ म्हणून बाहेर पडत आणि अकरा वाजतां बडीशेप चघळीत परत येत. कोठें गेले होते हें सर्वांना ठाऊक असे. विचारीत कोणी नसे. हा एक प्रकारचा समझोताच होता, आणि पुष्कळ घरांत तो आहे, हें वाचक मनांतल्या मनांत कबूल करतील.

या समझोत्याची किंमत कोण देत होतें, तें मात्र आम्हां पुरुषांपैकीं एकाच्याही ध्यानांत आलें नाहीं. आलें तें आत्याबाईंच्या. आत्याबाई आमच्या घरांत सर्वांत वडील, ऐशी उलटलेली, चातुर्मासांत कांदा-लसूणही वर्ज्य. पुतण्याची बायको गोव्याकडील सारस्वत घराण्यांतली आहे. तिच्या माहेरीं सोमवार सोडला तर मासळी रोजची आणि मटण बहुतेक रविवारचें. लग्न होऊन आल्यावर तिनें त्याचें नांव काढलें नाहीं, आणि न काढण्याबद्दल आम्ही सर्वांनीं तिचें कौतुक केलें. एके सोमवारीं सकाळीं चहाच्या वेळीं आत्याबाई सर्वांदेखत म्हणाल्या, “नऊ वर्षें झालीं, ही बिचारी शब्द बोलली नाहीं. तुम्ही मात्र दर रविवारीं बडीशेप खाऊन येतां. सोडायचें तर सगळ्यांनीं सोडा, नाहींतर हिलाही घेऊन जा.”

खोलींत शांतता पसरली. जिच्याविषयीं बोलणें चाललें होतें ती उठून आंत गेली. माझे थोरले बंधु संस्कृतचे शिक्षक होते. कोणताही पेंच पडला कीं त्यांना आधार सांपडतो, आणि या वेळीं सांपडला तो भवभूतीचा. भवभूतीनें आपलें गांव विदर्भांतलें पद्मपूर म्हणून सांगितलें आहे, व तें म्हणजे आपल्याच जिल्ह्यांतलें आमगांवजवळचें पदमपूर, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें. तेव्हां नाटककार घरचाच. त्याच्या उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकाच्या आरंभीं वाल्मीकींच्या आश्रमांत दोन बटु पाहुण्यांविषयीं बोलत आहेत. वसिष्ठांना समांस मधुपर्क मिळतो. जनकानें मांस सोडलेलें, त्याला दह्या-मधाचा. आश्रम एक, आदर तोच, आणि पात्रांत मात्र ज्याचें त्याला. दादांनीं हें सारें सविस्तर सांगितलें. काश्मिरी पंडितांच्या रोगनजोशांत कांदा-लसूण नसून हिंग, सुंठ व बडीशेप असते, आणि मैथिल व बंगाली ब्राह्मण मासळी खातात, हेंही त्यांनीं जोडीला दिलें. आत्याबाईंनीं ऐकून घेतलें व विचारलें, “म्हणजे जनक राजा त्याच जागीं बसूनच जेवला ना?” दादा म्हणाले, “बसलाच असणार.” “मग मीही येतें,” आत्याबाई म्हणाल्या.

त्या येणार म्हटल्यावर भोजनगृहाच्या मालकाची तारांबळ उडाली. आम्हीं आधीं जाऊन त्याला सारें समजावून सांगितलें होतें. आम्ही पोंचलों तेव्हां पडवी सारवलेली होती, आणि हंडीच्या चुलीपासून दूर, दुसऱ्या टोकाला एक नवीन चूल मांडलेली. तिच्यावर एक कोरें करकरीत भांडें. मालक हात जोडून म्हणाला, “आजी, हा गंज तुमचाच जी. यांत दुसरं काहीच शिजणार नाही.” त्या गंजांत त्यानें सोललेल्या उडदाची डाळ शिजविली होती, वर साजूक तुपाची जिऱ्याची फोडणी. तंदुराची रोटी, दहीं, गूळ. आत्याबाईंनीं टेबलाच्या मधल्या जागीं बैठक मारली. कोपऱ्यांत बसा म्हटलें तर त्यांनीं ऐकलें नाहीं.

हंडी टेबलावर आली आणि झांकण उघडलें. त्या वासाचें वर्णन मी करीत नाहीं. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांना नको, आणि इतरांना उपयोग नाहीं. वाढण्याचा क्रम मात्र सांगण्याजोगा आहे. हंडींत नळीचीं हाडें नेहमींच मोजकीं असतात. त्यांतला मगज चोखून खावयाचा असतो, आणि त्यावरून आमच्या तरुण मंडळींत दर रविवारीं वाद होई. पुतण्यानें पळी घातली, पहिली मोठी नळी वर आली, व ती संवयीनें स्वतःच्या ताटाकडे वळली. आत्याबाई डाळींत रोटी बुडवीत होत्या. वर न पाहतांच म्हणाल्या, “ती तिच्या पानांत वाढ.”

त्यानें वाढली. ती थोडा वेळ हात न लावतां बसली. मग पदर खोंचून तिनें ती नळी उचलली, ताटाच्या कडेवर दोनदां आपटली आणि सफाईनें चोखली. नऊ वर्षांत हात विसरला नव्हता. मुलें टक लावून पाहत राहिलीं. आपली आई हें करूं शकते याचा त्यांना पत्ताच नव्हता.

त्यानंतर बोलणीं सुरू झालीं तीं थांबेचनात. आम्हीं पुरुषांनीं जें इतके दिवस अंधारांत भराभर उरकलें होतें, तें दोन तास चाललें. रोट्या संपल्यावर भात आला. पंजाबी माणूस यावर नाक मुरडील, पण झाडीपट्टी हा धानाचा देश आहे; येथें जेवण भातावर संपलें नाहीं तर तें संपलें असें कोणी धरीत नाहीं. गरम भात, त्यावर हंडीच्या तळचा दाट रस्सा, लिंबाची फोड आणि कच्चा कांदा. आत्याबाईंचा दहींभात. माझें मत विचाराल तर साऱ्या हंडींत हा शेवटचा भातच सर्वांत सरस. सांजच्या रोट्या या त्याची प्रस्तावना.

तेव्हांपासून महिन्यांतून एक रविवार ठरलेला आहे. श्रावण आणि एकादशी तेवढी टाळून. घरच्या चुलीचें व्रत जसेंच्या तसें आहे. आमच्या नात्यांतल्या एका घरानें हें कळल्यावर आमच्याकडे जेवावयास येणें थोडें कमी केलें. आत्याबाईंनीं त्यांच्याकडे जाणें कमी केलें नाहीं. गंज भोजनगृहाच्या भिंतीवर खुंटीला टांगलेला असतो, आणि गिऱ्हाइकांनीं विचारलें तर मालक सांगतो, “आजीचा आहे.”

अलीकडे सूनबाई आणि मालक यांच्यांत एक वाद चालू आहे. तिचें म्हणणें, या रश्शाला आंबटपणा टोमॅटोचा नको. भाजलेल्या खोबऱ्याची जोड देऊन माहेरच्या शागोतीसारखा एकदां करून पाहावा. मालकाचें म्हणणें, खोबरें घातलें कीं ती हंडी पंजाबी राहत नाहीं. तिनें गोव्याहून मसाल्याची पुडी मागविली. त्यानें ती बराच वेळ हुंगली आणि म्हणाला, “पहिले तुम्हीच करून दाखवा जी.” दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, लेकी-जांवई, पाहुणे-रावळे गांवोगांव जमतात, रात्रभर नाटकें चालतात. त्या दिवसांत हा प्रयोग करावयाचें ठरलें आहे. आत्याबाईंनीं आपला गंज तेवढा दोन हात आणखी लांब मांडावयास सांगितलें आहे.